मोजणीच्या सुट्या बिंदूंपासून कंटूर नकाशा

टोटल स्टेशनमधून (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) किंवा आरटीके रोव्हरमधून (उपग्रहांवरून बिंदूची नेमकी जागा काढणारं यंत्र) मोजणीची फाइल संगणकावर उतरली. चारेकशे ओळी, प्रत्येक ओळीत बिंदूचा क्रमांक, पूर्व, उत्तर, उंची आणि कोड. आता यातून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), म्हणजे साइटवरच्या भाषेत कंटूर, काढायचे आहेत. क्यूजीआयएससारख्या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम पाच मिनिटांत होतं आणि खरी अडचण तिथेच आहे. पाच मिनिटांत निघालेले कंटूरही सुबकच दिसतात. ओढ्याच्या तळात डबक्यांची माळ उमटलेली असते, बांध अर्धा गायब असतो, हद्दीजवळ कधीच न मोजलेल्या जमिनीवरून रेषा धावत असतात. पण छापून हातात आलेल्या नकाशावर सहसा कोणी शंका घेत नाही. संगणकाला फक्त बिंदू ठाऊक असतात. दोन बिंदूंच्या मधली जमीन कशी आहे, हे त्याला आपण सांगायचं असतं.

पुढची आकडेमोड एका नमुन्याच्या कामावर केली आहे: ८ हेक्टर माळरान, वरच्या अंगाला टेकडीची सोंड, मधून ओढा, खाली मातीचे दोन बांध, एकूण ४०० बिंदू. शेततळ्याची जागा ठरवायची आहे आणि सलग समतल चर आखायचे आहेत, म्हणून अर्ध्या मीटरचे कंटूर हवेत.

आधी कंटूरमधलं अंतर ठरवा

दोन कंटूरमधलं उभं अंतर, म्हणजे कंटूर इंटरव्हल, किती ठेवायचं हे हौसेवर ठरत नाही. नकाशावर दोन रेषांमधलं आडवं अंतर म्हणजे इंटरव्हल भागिले उतार. ३ टक्के उतारावर अर्ध्या मीटरच्या रेषा १६.७ मीटरवर पडतात, १ टक्का उतारावर ५० मीटरवर. आता बिंदू किती दाट आहेत ते पाहा. ८ हेक्टर म्हणजे ८०,००० चौरस मीटर. भागिले ४०० केले की दर बिंदूला २०० चौरस मीटर, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे १४ मीटर. बिंदूंमधलं सरासरी अंतर १४ मीटर आणि रेषांमधलं १६.७ मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरचे कंटूर या मोजणीला जेमतेम झेपतात. याच फाइलमधून पाव मीटरचे कंटूर मागितले तर रेषा ८.३ मीटरवर येतील. त्या निघतील, फक्त त्यांतल्या निम्म्याअधिक रेषा मोजणीच्या नसून संगणकाच्या अंदाजाच्या असतील.

दुसरा हिशेब उंचीतल्या चुकीचा. उंचीत झालेली चूक भागिले उतार म्हणजे कंटूर आडवा किती सरकतो. ५ सेंटिमीटरची चूक २० टक्के उतारावर रेषा फक्त २५ सेंटिमीटर हलवते. तीच चूक अर्धा टक्का उताराच्या सपाट काळ्या रानात रेषेला १० मीटर हलवते. नांगरलेल्या शेतात काठी ढेकळाच्या माथ्यावर टेकवली की सरीत, एवढ्यावरच ५ ते १० सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून सपाट रानाची मोजणी टेकडीपेक्षा सोपी असते हा समज कंटूरच्या बाबतीत उलटा आहे. अशा रानात काठीच्या टोकाला रुंद पायतळ लावा आणि सगळ्यांनी सरीतच टेकवायची की माथ्यावर, हे सकाळीच ठरवून घ्या.

किती चूक चालते, यासाठी अमेरिकेचं १९४७ सालचं नकाशा-अचूकता मानक अजूनही सोयीचं आहे: तपासलेल्या बिंदूंपैकी किमान ९० टक्के बिंदूंची उंची इंटरव्हलच्या निम्म्याच्या आत जुळली पाहिजे. अर्ध्या मीटरच्या कंटूरला ही मर्यादा २५ सेंटिमीटर.

फाइल स्वच्छ करणे

सीएसव्ही फाइल क्यूजीआयएसमध्ये नेण्याआधी स्प्रेडशीटमध्ये उघडून चार गोष्टी बघा.

पहिली, स्तंभांचा क्रम. बरीच यंत्रं उत्तर आधी आणि पूर्व नंतर लिहितात. अदलाबदल झाली तर नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटतो, आणि ओढा सरळसोट नसेल तर ते पटकन लक्षातही येत नाही. यूटीएममध्ये, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या निर्देशांक पद्धतीत, ओळखायची खूण सोपी आहे. महाराष्ट्रात पूर्वेचा आकडा सहा अंकी असतो आणि उत्तरेचा सात अंकी, साधारण १७ लाख ते २४ लाख मीटरच्या दरम्यान. राज्याचा बहुतेक भाग झोन ४३ उत्तरेत (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) येतो. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झोन ४४ (ईपीएसजी ३२६४४) लावावा लागतो. एका कामात एकच झोन ठेवा. स्थानिक निर्देशांक घेतले असतील, म्हणजे पहिला बिंदू १०००, १००० धरून, तरी कंटूर बरोबरच निघतात. फक्त उपग्रह चित्रावर ते बसणार नाहीत.

दुसरी, अंश आणि मीटरची सरमिसळ. निर्देशांक अक्षांश-रेखांशात असतील तर आधी यूटीएममध्ये बदलून घ्या. नाहीतर पुढे पिक्सेलचा आकार १ लिहाल तो १ मीटर न धरता १ अंश धरला जाईल, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आठ हेक्टरचं सगळं रान एका चौकोनात मावेल आणि कंटूर एकही येणार नाही.

तिसरी, उंची कशापासून मोजली. रोव्हरसारखं जीएनएसएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं, यंत्र मुळात लंबवर्तुळाकार पृथ्वीपासूनची उंची देतं. आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा बरीच कमी येते. पुणे परिसरात हा फरक साठ मीटरहून जास्त आहे. सगळे बिंदू एकाच पद्धतीचे असतील तर कंटूरचा आकार बिघडत नाही, आकडे तेवढे वेगळे येतात. अर्धे बिंदू रोव्हरचे आणि अर्धे जुन्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हलने काढलेले असतील तर मात्र मधोमध साठ मीटरचा कडा उभा राहतो. तो निदान दिसतो तरी. धोका छोट्या फरकांचा असतो, आणि त्यांतला नेहमीचा म्हणजे काठीची उंची. काठीवरचा प्रिझम (टोटल स्टेशनचा किरण परतवणारी काच) १.५० मीटरवरून २.१५ वर चढवला आणि यंत्रात आकडा बदलायचा राहिला, तर तिथून पुढचे सगळे बिंदू ६५ सेंटिमीटर वर जातात. बिंदू क्रमांकानुसार लावून उंचीचा आलेख काढा. जमीन न चढताच अचानक पायरी दिसली तर तिथे काठी बदललेली आहे.

चौथी, जमिनीचे नसलेले बिंदू. विहिरीचं तोंड, मोरीचा कठडा, घराचा ओटा, दगडावर रोवलेला बेंचमार्क. हे नकाशावर हवेत, कंटूरमध्ये नकोत. कोडवरून वेगळे काढा. एकाच जागी दोनदा घेतलेले बिंदूही शोधा: आडवे निर्देशांक जवळपास तेच आणि उंची वेगळी, असं असेल तर त्या जागी सुळका किंवा खड्डा तयार होतो.

त्रिकोणांची जाळी आणि तिच्यातून रेषा

सुट्या बिंदूंमधून पृष्ठभाग तयार करायचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी करणे. सॉफ्टवेअरमध्ये तिला टिन म्हणतात. तेच बिंदू हजार तऱ्हांनी जोडता येतात. त्यांतली निवड करण्याचा नियम रशियन गणिती बोरिस डेलॉने यांनी १९३४ साली मांडला. कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळात चौथा बिंदू येता कामा नये. याचा परिणाम असा की त्रिकोण शक्य तितके भरीव होतात आणि लांबलचक सुयांसारखे त्रिकोण टळतात.

एका त्रिकोणातून कंटूर कसा जातो ते एकदा हाताने करून बघावं, म्हणजे पुढच्या चुका ओळखता येतात. अ (०, ०) उंची ६१२.३०, ब (१०, ०) उंची ६१३.८०, क (४, ८) उंची ६१२.९०. आपल्याला ६१३.०० ची रेषा हवी. प्रत्येक बाजूला एकच प्रश्न विचारायचा: एक टोक रेषेच्या खाली आणि दुसरं वर आहे का? अ–क दोन्ही खाली, म्हणून तिथून रेषा जात नाही. अ–ब वर ती जाते: (६१३.००−६१२.३०) ÷ (६१३.८०−६१२.३०) म्हणजे ०.४६७, बाजू १० मीटरची, म्हणून अ पासून ४.६७ मीटरवर. क–ब वर ०.१० ÷ ०.९० म्हणजे ०.१११, ही बाजूही १० मीटरची, म्हणून क पासून १.११ मीटरवर. हे दोन बिंदू जोडले की या त्रिकोणातला कंटूर झाला. शेजारच्या त्रिकोणात सामाईक बाजूवर तोच छेदबिंदू येतो, म्हणून रेषा न तुटता पुढे सरकते.

स्वतः प्रोग्राम लिहिणारे बहुधा एकाच जागी अडखळतात: बिंदूची उंची नेमकी ६१३.०० असली की रेषा कोपऱ्यातून जाते, कधी दोनदा मोजली जाते, कधी हरवते. उपाय एवढाच की उंची कंटूरएवढी किंवा जास्त असेल तर बिंदू वर, नाहीतर खाली, हा नियम सगळीकडे एकच ठेवायचा. पण त्रिकोणाचे तिन्ही कोपरे त्याच उंचीचे असले तर मात्र नियमाने भागत नाही. पाण्याच्या कडेने घेतलेले बिंदू किंवा जुन्या नकाशावरच्या कंटूरवरून उचललेले बिंदू असे असतात. तिथे सपाट पायऱ्या तयार होतात, सोंडेचा कणा कापला जातो, ओढ्याचा तळ भरून येतो. तिथे आणखी बिंदू लागतात: तळ्याच्या तळाचे, सोंडेच्या माथ्याचे, खिंडीचे.

ब्रेकलाइन: सगळा नकाशा इथे ठरतो

डेलॉनेच्या नियमाला फक्त वरून दिसणारी अंतरं कळतात, उंची कळत नाही. ओढ्याचे दोन काठ एकमेकांपासून ४ मीटरवर आणि तळाचे बिंदू एकमेकांपासून २० मीटरवर असतील, तर तो डावा काठ उजव्या काठाला जोडून मोकळा होतो. दोन तळबिंदूंच्या मधे ओढ्यावर मातीचा पूल टाकल्यासारखं होतं. कंटूर काढले की तळात छोटे छोटे बंद वेटोळे एकामागोमाग दिसतात. ती डबकी जमिनीवर कुठेच नसतात.

बांधाचं याच्या उलट होतं. माथ्यावर १५ मीटरवर एक असे बिंदू घेतले आणि पायथा घेतला नाही, तर बांध प्रत्येक बिंदूपाशी तंबूसारखा उभा राहतो आणि त्याचा उतार शेजारच्या रानात बिंदू सापडेपर्यंत पसरत जातो. एक मीटर उंचीच्या बांधाची त्यामुळे दहा मीटर रुंद टेकडी होते आणि मातीकामाचा हिशेब भलताच फुगतो.

दोन्हींवर इलाज एकच. जिथे जमिनीचा उतार एकदम बदलतो त्या रेषेने, म्हणजे ब्रेकलाइनने, बिंदू घ्या आणि ते क्रमाने जोडून संगणकाला सांगा की त्रिकोणाची बाजू या रेषेवरूनच गेली पाहिजे. ओढ्याला तीन रेषा लागतात: तळ, डावा काठ, उजवा काठ. बांधाला चार: माथ्याच्या दोन कडा आणि दोन्हीकडचे पायथे. रस्त्याला दोन कडा पुरतात, खोदलेला असेल तर वरच्या कडाही. सोंडेचा कणा आणि घळीचा तळ यांना एकेक रेषा. या कामात ४०० पैकी निम्मे बिंदू ब्रेकलाइनवर असले तरी ते वाया गेले असं समजू नका. मोकळ्या उतारावर १५ मीटरचं अंतर चालतं, बांधाच्या पायथ्याशी चालत नाही.

यासाठी तयारी मोजणीच्या दिवशीच करावी लागते. यंत्रावर मराठी टंकता येत नाही आणि घाईत अक्षरं चुकतात, म्हणून आकडी कोड बरे: ११ ओढ्याचा तळ, १२ डावा काठ, १३ उजवा काठ, २१ ते २४ पहिल्या बांधाच्या चार रेषा, ३१ ते ३४ दुसऱ्याच्या, ५० सुटा बिंदू. एका रेषेचे बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने घ्या. ओढा ओलांडत नागमोडी चालून डावा-तळ-उजवा असं घेतलं तरी चालतं, कारण कोडवरून रेषा वेगळ्या होतात. पण मागे वळून मधला राहिलेला बिंदू घेतलात तर त्याचा क्रम हाताने दुरुस्त करावा लागेल. दोन ब्रेकलाइन एकमेकींना छेदता कामा नयेत. ओढा बांधाला मिळतो तिथे दोन्ही रेषांना एकच सामाईक बिंदू द्या, नाहीतर एकाच जागी दोन उंच्या होतात.

क्यूजीआयएसमध्ये

डेटा सोर्स मॅनेजरमधल्या डिलिमिटेड टेक्स्टमधून फाइल आणा. एक्स फील्डला पूर्व, वाय फील्डला उत्तर, झेड फील्डला उंची द्या आणि सीआरएस, म्हणजे निर्देशांक पद्धत, निवडा. झेड फील्ड रिकामं ठेवायची सवय असते. इथे ते भरलंच पाहिजे, कारण पुढच्या रेषांना उंची तिथूनच मिळते. मग हा स्तर जिओपॅकेज प्रकारच्या फाइलमध्ये जतन करा.

ब्रेकलाइनसाठी ११ ते ३४ कोडचे बिंदू निवडून पॉइंट्स टू पाथ चालवा: क्रमासाठी बिंदू क्रमांक, गटासाठी कोड. निघालेली प्रत्येक रेषा नकाशावर डोळ्यांनी पाहा. क्रम चुकला असेल तर ती विजेसारखी मागेपुढे जाते. रेषेच्या कोपऱ्यांना झेड आलं आहे का, तेही आयडेंटिफाय साधनाने एकदा खात्री करून घ्या. झेड शून्य राहिलं तर ओढा थेट समुद्रसपाटीला जातो.

इथून दोन वाटा आहेत. पहिली, जी आम्ही सुचवतो: प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं टिन मेश क्रिएशन. बिंदूंचा स्तर पॉइंट्स म्हणून आणि रेषांचा स्तर ब्रेक लाइन्स म्हणून द्या. तयार झालेल्या मेशवर, म्हणजे त्रिकोणजाळीवर, एक्स्पोर्ट कंटूर्स चालवा, वाढ ०.५. इथे कंटूर थेट त्रिकोणांवरून निघतात, मधे पिक्सेल येत नाहीत, आणि रेषा वरच्या हिशेबाप्रमाणेच जातात. त्या थोड्या टोकदार दिसतात.

दुसरी वाट जुनी आणि जास्त वापरातली: टिन इंटरपोलेशन, त्यातून रास्टर (प्रत्येक चौकोनी पिक्सेलमध्ये एक उंची असलेलं चित्र), आणि मग रास्टर मेन्यूतल्या एक्स्ट्रॅक्शनमधलं कंटूर. पद्धत लिनिअर ठेवा. क्लफ-टोचर गुळगुळीत पृष्ठभाग देतं, बांध नसलेल्या टेकडीवर ते छान दिसतं, पण बांधाच्या कडेला ते पृष्ठभाग वर-खाली उसळवतं. पिक्सेल बिंदूंच्या अंतराएवढा ठेवला तर बांध विरघळतो. बांधाचा माथा दीड मीटर रुंद असेल तर पिक्सेल अर्धा मीटर घ्या. फार बारीकही नको: ०.१ मीटरला आठ हेक्टरचे ८० लाख पिक्सेल होतात आणि माहितीत काडीची भर पडत नाही. त्रिकोणजाळी जतन करायचा पर्याय त्याच खिडकीत असतो. तो नेहमी वापरा, कारण चूक कुठे आहे ते जाळी बघूनच कळतं.

रास्टरवरून कंटूर काढताना एक जागा संदिग्ध असते. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे रेषेच्या वर आणि उरलेले दोन खाली असले, तर रेषा दोन तऱ्हांनी जोडता येते आणि दोन्ही गणिताने बरोबर असतात. खिंडीत हे होतं. तिथे दोन टेकड्या जोडलेल्या दिसतील की सुट्या, हे सॉफ्टवेअरच्या मर्जीवर. त्रिकोणात असा प्रश्नच उद्भवत नाही.

हद्दीबाहेर जाणारे त्रिकोण कापायला विसरू नका. जाळी बाहेरच्या बिंदूंना ताणलेल्या दोरीसारखी वेढते, म्हणून शेत आत वळलेलं असलं की तिथे मोजलेली नसलेली जमीनही भरून येते. कडेच्या मोजलेल्या बिंदूंवरून हाताने एक बहुभुज काढा आणि कंटूर त्याने कापा. कॉन्केव्ह हल साधन हे आपोआप करतं, पण हाताने काढलेली हद्द जास्त भरवशाची.

आयडीडब्ल्यू, क्रिगिंग आणि स्प्लाइन

टूलबॉक्समध्ये टिनच्या शेजारीच आयडीडब्ल्यू बसलेलं असतं. डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ साली मांडलेली ही पद्धत जवळच्या बिंदूंची अंतरानुसार सरासरी काढते. सरासरी कधीच सर्वांत उंच बिंदूच्या वर किंवा सर्वांत खोल बिंदूच्या खाली जात नाही, त्यामुळे प्रत्येक बिंदूभोवती नेमबाजीच्या फळ्यासारखी गोल वर्तुळं पडतात. जमिनीच्या कंटूरसाठी ती वापरू नये. कोणाच्या नकाशावर अशी वर्तुळं दिसली तर पद्धत विचारायची गरज नाही.

क्रिगिंगचं मूळ दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत आहे. डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये थोड्या नमुन्यांवरून धातूचं प्रमाण अंदाजण्यासाठी ती वाट धरली. विहिरींतली पाणीपातळी किंवा पावसासाठी ती उत्तम आहे, कारण तिथे बांध किंवा काठ नसतात. जमिनीला असतात, आणि क्रिगिंगच्या साध्या रूपात ब्रेकलाइनला जागा नाही. ग्रास या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधलं व्ही डॉट सर्फ डॉट आरएसटी हे स्प्लाइन (बिंदूंवरून लवचिक पत्रा वाकवल्यासारखा पृष्ठभाग) टेकड्यांच्या मोकळ्या उतारावर सुंदर रेषा देतं. बांधाजवळ मात्र ताण वाढवला तरी उसळी येते.

तपासणी

पहिली तपासणी डोळ्यांची. ओढ्यात कंटूरचं टोक वरच्या अंगाला, पाणी येतं त्या दिशेला हवं. सोंडेवर उताराच्या दिशेला. रेषा एकमेकींना छेदत नाहीत. मधेच संपणारी रेषा फक्त हद्दीवर चालते. बंद वेटोळं दिसलं की विचारा, इथे खरोखर टेकाड किंवा खड्डा आहे का, की एकच बिंदू चुकला आहे. त्या वेटोळ्याच्या मधोमध एकटा मोजलेला बिंदू असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या.

दुसरी आकड्यांची. रँडम एक्स्ट्रॅक्टने सुट्या बिंदूंतले २० बाजूला काढा, त्यांच्याशिवाय रास्टर बनवा, सॅम्पल रास्टर व्हॅल्यूजने त्या जागची उंची वाचा आणि मोजलेल्या उंचीतून वजा करा. २० पैकी किमान १८ फरक २५ सेंटिमीटरच्या आत आले तर अर्ध्या मीटरचा इंटरव्हल टिकला. नाही आले तर एक मीटरचे कंटूर काढून द्या. ग्राहक रुसला तरी चालेल. फरक सगळे एकाच दिशेचे असतील तर काठीची उंची बघा, एकाच कोपऱ्यातले असतील तर तिथे बिंदू कमी आहेत. तपासणी झाल्यावर शेवटचे कंटूर मात्र सगळे बिंदू परत घालूनच काढा.

रेषांची सफाई आणि आकडे

टोकदार रेषा बघवत नाहीत म्हणून लोक स्मूद साधन चालवतात. एक फेरी, ऑफसेट ०.२५, इतपत चालतं. चार-पाच फेऱ्यांनी रेषा जागेवरून हलते आणि बांधाच्या तीव्र उतारावर शेजारच्या रेषेला जाऊन भिडते. छपाईसाठी एक प्रत गुळगुळीत करा. आखणीसाठी मूळ रेषाच वापरा. दोन-तीन मीटरपेक्षा लहान वेटोळी लांबीवरून गाळता येतात, पण आधी वर सांगितलेली शंका फेडून.

दर पाचवी रेषा जाड ठेवण्याचा रिवाज आहे. अर्ध्या मीटरला ती दर अडीच मीटरला येते. जाड रेषा निवडायच्या नियमात उंचीला थेट २.५ ने भागून बाकी बघायची सवय लावून घेऊ नका. अर्ध्या मीटरला ते चालून जातं, पण ०.१ किंवा ०.२ सारखे दशांश अपूर्णांक संगणकात नेमके साठवले जात नाहीत, आणि तशा इंटरव्हलला काही जाड रेषा बारीक राहू शकतात. उंचीला १० ने गुणून पूर्णांकात आणा आणि २५ ने भागून बाकी शून्य आहे का ते बघा.

आकड्याचा माथा चढाकडे असावा. जीडीएएल (क्यूजीआयएसच्या आत रास्टरवरून कंटूर काढणारा प्रोग्राम) कंटूर काढताना रेषेच्या उजव्या हाताला नेहमी उंच बाजू ठेवतं, तर रेषेवरच्या अक्षरांचा माथा तिच्या डाव्या हाताला असतो. म्हणून त्या रेषांवर आधी रिव्हर्स लाइन डायरेक्शन चालवा आणि लेबलमध्ये उलटे आकडेही दाखवायचा पर्याय चालू करा. ओळखीच्या टेकडीवर एकदा पडताळून बघा, मग उरलेला नकाशा आपोआप सरळ होतो.

फुकटच्या उंचीवरून

मोजणी न करता उपग्रहाच्या उंचीवरून कंटूर काढता येतात का, असं सारखं विचारलं जातं. एसआरटीएम ही मोफत मिळणारी उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळ शटल मोहिमेची, सुमारे ३० मीटरच्या पिक्सेलची, आणि तिच्यात झाडांचे शेंडे व घरांची छपरंही उंचीत धरली जातात. खोऱ्याचा अंदाज घ्यायला ती चांगली. १० किंवा २० मीटरचे कंटूर काढा. तिच्यातून १ मीटरचे कंटूरही निघतात आणि दिसायला झकास असतात, पण शेततळं त्यांच्यावर खोदू नका. तिच्यात उंची पूर्ण मीटरमध्ये असल्यामुळे सपाट भागात रेषा पायऱ्यापायऱ्यांनी जाते, कंटूर साधनात ऑफसेट ०.५ दिला की रेषा पूर्ण आकड्यांच्या मधून जाते आणि पायऱ्या बऱ्याच कमी होतात.

जागेवर नेताना

कंटूर डीएक्सएफमध्ये, म्हणजे कॅडच्या फाइलमध्ये, देताना थ्री-डी रेषांचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे कॅडमध्ये प्रत्येक रेषा आपल्या उंचीवर बसेल. मोबाइलसाठी केएमएल करा. चर आखताना नकाशावरच्या रेषेवर चुना टाकून थेट खोदायला लागू नका. ३ टक्के उतारावर २५ सेंटिमीटरची मान्य चूकसुद्धा रेषेला ८ मीटर सरकवू शकते, आणि समतल नसलेला चर पावसात एका टोकाला फुटतो. रेषेवरचा एक बिंदू नकाशावरून घ्या, तिथून पुढे ए-फ्रेमने (ओळंबा लावलेली ‘ए’ आकाराची चौकट) किंवा गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीने दर ५ मीटरला समपातळी बांधत जा. कंटूरने चराची सुरुवात कुठे आणि तो कोणत्या दिशेने जाणार एवढं सांगितलं की त्याचं काम झालं. आखणी नकाशापासून सातत्याने एका अंगाला सरकत गेली तर त्या पट्ट्यातले दहा-बारा बिंदू पुन्हा घ्या आणि जाळी नव्याने बांधा.